तेरा फुटी बॉस्टन व्हेलर: गराजमधल्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

आज व्हेलर, म्हणजे बॉस्टन व्हेलर कंपनीची जुनी छोटी मोटरबोट, घरी आली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथच्या आमच्या गराजमध्ये ट्रेलरसकट जेमतेम मावली. दार लावल्यावर कडेने आडवं होऊन जाण्याइतकीच जागा उरते. लांबी तेरा फुटांच्या थोडी वर, रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास. आतला रंग फिका निळा, ऊन खाऊन पार पिठूळ झालेला. हात फिरवला की तळव्याला पांढरट निळी पूड लागते. बसायच्या फळ्या महॉगनीच्या आहेत, काळ्या पडल्यात, पण एकही कुजलेली नाही. मागे जॉन्सनची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर, काही वर्षं बंद पडून असलेली.

वय ठरवायला फार शोधावं लागलं नाही. अमेरिकेत प्रत्येक बोटीच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीवर, १२ अक्षरी ओळख क्रमांक १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा झाला. हिच्यावर तो नाही, फक्त कंपनीचा जुना अनुक्रमांक आहे. आतला निळा रंगही त्याच काळातला. पुढे सत्तरच्या दशकात कंपनीने तो बदलून वाळूच्या रंगाचा केला. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बोट, आणि बनलेली शेजारच्या रॉकलंड गावात.

काम कुठवर करायचं ते आजच लिहून ठेवतो. बोट नवीकोरी दिसली पाहिजे असा हट्ट नाही. ती कोरडी झाली पाहिजे आणि कोरडी राहिली पाहिजे. रंग, वॉर्निश, मोटर हे सगळं त्यानंतर.

१५ ऑक्टोबर

कोरडेपणाचं एवढं का लावून धरलंय ते नोंदवतो, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना संदर्भ राहील.

साध्या फायबरच्या होडीत एक कवच असतं आणि आत पोकळी. पाणी आलं तर ते तळाशी साचतं, दिसतं, उपसता येतं. व्हेलरमध्ये पोकळीच नाही. बाहेरचं कवच आणि आतलं कवच दोन वेगळ्या साच्यांत घालतात, रेझिन (फायबरला घट्ट करणारा द्रव) पुरतं कडक व्हायच्या आत साचे एकमेकांवर आवळतात आणि मधे पॉलियुरेथेन फोम ओततात. फोम फुगतो, दोन्ही कवचांना घट्ट चिकटतो आणि सगळं मिळून एकच अंग होतं. ही कल्पना डिक फिशर यांची. त्यांचा मूळ धंदा प्रकाशावर चालणाऱ्या विद्युत-नियंत्रकांचा. बाल्सा लाकडाची हलकी होडी करायचा विचार त्यांच्या डोक्यात जुना होता, आणि हा फोम पाहिल्यावर तेच लाकूड कृत्रिम रूपात हाती आल्यासारखं त्यांना वाटलं. तळाचा आकार बोटींचे रचनाकार रे हंट यांच्या मदतीने ठरला. पहिली तेरा फुटी १९५८ मध्ये विक्रीला आली. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात छायाचित्रं छापून आली: फिशर बोटीत बसलेत, बोट पाण्यावर मधोमध करवतीने कापली जातेय, आणि मग मागचा अर्धा भाग मोटरवर चालत निघालाय. ती छायाचित्रं मी कितीदा पाहिली असतील, मन भरत नाही. जाहिरातीतला दावा इतक्या उघडपणे सिद्ध करून दाखवणारी माणसं थोडी.

हिशोब साधा आहे. असा फोम घनफुटाला सुमारे २ पौंड भरतो आणि समुद्राचं पाणी घनफुटाला ६४ पौंड. म्हणजे कोरड्या फोमचा प्रत्येक घनफूट साठेक पौंड वजन पाण्यावर तोलून धरतो.

पण याच रचनेत दुखणंही आहे. पाणी एकदा दोन कवचांच्या मधे शिरलं की ते दिसत नाही आणि बाहेर येत नाही. फोमच्या पेशी बंद असतात, म्हणून पाणी शिरायला वर्षं लागतात, पण निघायला त्याहून जास्त. आणि ते शिरतं कुठून? भोकांतून. 'ही बुडतच नाही' या भरवशावर प्रत्येक मालक निर्धास्तपणे ड्रिल चालवतो: मासेमारीच्या गळाचा दांडा धरायला एक कंस, कप ठेवायला एक कडी, ताडपत्रीची बटणं. एकेक स्क्रू म्हणजे फोमपर्यंत जाणारी एकेक वाट.

२१ ऑक्टोबर

वजन केलं. मोटर उतरवली, फळ्या, कन्सोल (सुकाणूचा खोका), टाकी, सगळं काढलं. दोन टांगते काटे उसने आणले आणि पुढून-मागून एकाच वेळी पट्ट्यांवर उचललं. दोन्ही मिळून ३९२ पौंड. या आकाराची कोरडी व्हेलर तीनशेच्या थोडी वर भरायला हवी. म्हणजे सत्तर-ऐंशी पौंड पाणी पोटात आहे, लिटरमध्ये तीस-पस्तीस.

आकड्यापेक्षा वाटणी महत्त्वाची वाटली. पुढच्या काट्यावर जेवढं अपेक्षित होतं तेवढंच, जादा जवळपास सगळं मागच्या काट्यावर. म्हणजे सगळी बोट भिजलेली नाही, मागचा एक पट्टा भिजलाय. हा मोठा दिलासा. पूर्ण फोम ओला असता तर बोट सोडून द्यायची एवढाच शहाणपणाचा सल्ला उरला असता.

लोक सुचवतात की भोकं पाडून व्हॅक्यूम पंप लावा, गरम हवा सोडा, पाणी निघेल. मला ते पटत नाही. बंद पेशींतलं पाणी पंपाने येत नाही, पेशी फुटून मोकळं झालेलं तेवढं येतं. ओला भाग कापून काढायचा आणि नवा फोम भरायचा, हाच खरा इलाज.

२९ ऑक्टोबर

भोकांची मोजदाद. मुलीने प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि मी वहीत नोंद केली. सत्तरच्या वर झाली, आणि त्यात कंपनीने पाडलेली फार थोडी. कंपनीची ओळखायची खूण सोपी आहे. कवचाच्या आत ठराविक जागी लाकडाचे ठोकळे बसवलेले असतात, आणि तिथेच स्क्रू घट्ट बसतो. नंतरच्या मालकांची बहुतेक भोकं ठोकळा चुकवून थेट फोममध्ये गेलीत. फोममध्ये स्क्रू काय धरणार? तो ढिला होतो, मग शेजारी दुसरं भोक पडतं.

काहींत सिलिकॉन भरलंय. ते सगळं खरवडून काढावं लागेल, कारण सिलिकॉनचा नुसता अंश राहिला तरी त्यावर इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारी लुकण) चिकटत नाही आणि जेलकोटही (कवचाचा बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर) नाही.

"बाबा, हे भोक कशाचं?" असं ती प्रत्येक वेळी विचारत होती. निम्म्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

४ नोव्हेंबर

पाणी कुठून आलं ते सापडलं. मागच्या तळाशी, जिथे बोटीतलं पाणी गोळा होतं तिथून ट्रान्सममधून बाहेर एक पितळी नळी जाते. एक इंच व्यासाची, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला वळवून बसवलेली. बाहेरून ती ठीकठाक दिसत होती. टॉर्च आत धरून पाहिलं तर वरच्या अंगाला हिरवट डाग, आणि डागाच्या मधोमध केसाएवढी चीर. टोकाचा वळवलेला काठ स्क्रूड्रायव्हरने जरा उचलला आणि पापडासारखा मोडून हातात आला. पक्कड लावून नळी ओढली, ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. तिच्यामागून आधी लालसर पाणी ठिबकलं, मग ओल्या लाकडाचा वास आला, मग धार लागली. खाली डबा ठेवलाय. रात्री झोपायच्या आधी पाहिलं तर अजून ठिबकतंय.

पितळ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ, लालसर सांगाडा. म्हणून जुन्या व्हेलरमध्ये पितळी नळ्या काळाने बदलायच्याच असतात, दिसायला चांगल्या असल्या तरी. ज्यांच्याकडे ही बोट आहे त्यांनी एवढं एक काम तरी करावं, बाकीचं राहिलं तरी चालेल.

१९ नोव्हेंबर

ट्रान्सम तपासला. त्याच्या गाभ्यात प्लायवूड असतं, मोटरचा सगळा भार त्यावर. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. वरून ठणठणीत, खाली नळीच्या आसपास बद्द. खात्री करायला आतल्या बाजूने पाव इंची ड्रिलने भोकं पाडली, दर वेळी थांबून भुसा पांढऱ्या कागदावर घेतला. वरचा भुसा पिवळसर, कोरडा, बोटांत भुरभुरणारा. नळीच्या जागी गडद तपकिरी, चिमटीत दाबल्यावर चिकटणारा. ओला भाग नळीभोवती तीन-चार इंचांपुरताच आहे.

रात्री हर्णैला आतेभावाला फोन केला, तिकडे सकाळ होती. दादा किनाऱ्यावरच्या फायबर होड्यांची दुरुस्ती करतो, त्याचे हात या कामात मुरलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी सुकव. ओल्यावर फायबर मारलंस तर पापुद्रा सुटणार म्हणजे सुटणारच. आणि ग्राइंडरला कंजुषी करू नको. उतार लांब काढ."

बोलता बोलता रसायनांचा विषय निघाला. त्याच्याकडे रेझिन साधं येतं. त्यात कोबाल्ट वेगळं घालावं लागतं, नीट ढवळावं लागतं, आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. त्याच्या शेडमध्ये दोन्हींचे डबे दोन भिंतींना ठेवतात. इथे मिळणाऱ्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, त्यामुळे ही धास्ती नसते. पण मी दादाचंच ऐकलं आणि हार्डनरची बाटली वेगळ्या कपाटात हलवली.

२ डिसेंबर

गराजमध्ये आता पारा शून्याच्या जवळ जातो. इपॉक्सी किंवा जेलकोट या थंडीत धड जमणार नाही. बोट पुढून उचलून उतारावर ठेवली, नळीचं भोक उघडं, समोर छोटा पंखा. पाणी स्वतःच्या वजनाने जेवढं येईल तेवढं येऊ दे. हिवाळाभर लाकूड आणि मोटर.

१३ जानेवारी २०२४

महॉगनीच्या फळ्या तळघरात आणल्यात. जुनं वॉर्निश हीट गनने मऊ करून खरवडलं. लाकूड खाली सुरेख निघालं, फक्त जुन्या लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग. लोखंड आणि ओलसर लाकडातलं टॅनिन मिळून हा काळा रंग होतो, नुसतं घासून तो जात नाही, खोलवर गेलेला असतो. ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावलं. डाग डोळ्यांदेखत उतरत गेले, तासाभरात लाकूड एकसारखं तांबूस. मग भरपूर पाण्याने धुतलं. वाळल्यावर घासताना मास्क हवाच, ॲसिडचे कण फुप्फुसांत जाता कामा नयेत.

वॉर्निश एपिफेन्सचं घेतलं. पहिला हात निम्मा थिनर घालून, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचा पाऊण ताकदीचा, मग हळूहळू घट्ट. दोन हातांमध्ये ३२० च्या कागदाने घासणं, पुसणं, चोवीस तास थांबणं. या कामाची घाई होतच नाही, आणि मला त्यात आनंद वाटतो. ऑफिसमधून आल्यावर एक हात, मग जेवण. बायकोने एक फळी उजेडाकडे तिरकी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "ही होडीत घालायची? बैठकीत लाव."

१० फेब्रुवारी

मोटर. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. एकमेकांपासून पाच पौंडांच्या आत, म्हणजे पोट निरोगी. कार्ब्युरेटर खोलून धुतला, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बदलला, पेट्रोलचे सगळे पाइप नवे घेतले, कारण जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसत नाही.

नवी फोर-स्ट्रोक का घेत नाही, असं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. ती शांत चालते, इंधन कमी पिते, सगळं खरं. पण तेवढ्याच ताकदीला ती बरीच जड पडते, आणि ही बोट मागून वजन सहन करणारी नाही. तेरा फुटीत मागे पन्नास पौंड वाढले की नाळ वर उठते, मागचा काठ पाण्याच्या जवळ जातो. टू-स्ट्रोकच राहू दे. पेट्रोल ५० भाग, त्यात तेल १ भाग.

६ एप्रिल

पुन्हा बोटीकडे. बोट उलटी करायची होती, तळावर जुन्या शेवाळरोधक रंगाचे थर आहेत. ऑफिसमधले दोघे आणि शेजारचे गृहस्थ, चौघांनी मिळून जुन्या टायरांवर अलगद पालथी घातली. रिकामी असल्यामुळे जड गेली नाही.

हा रंग कोरडा घासायचा नाही, हे ठामपणे लिहून ठेवतो. त्यात तांब्याचं विष असतं, आणि इतक्या जुन्या बोटीवर कथिलाचं संयुग असलेला रंगही असू शकतो. त्या संयुगाने शिंपल्यांची पैदास बिघडते असं दिसल्यावर अमेरिकेने १९८८ मध्ये लहान बोटींसाठी त्यावर बंदी घातली. मी स्ट्रिपर लावून, प्लास्टिक अंथरून खरवडला, ओल्या कागदाने घासला, आणि सगळी घाण डब्यात भरून गावाच्या घातक कचऱ्याच्या दिवसासाठी ठेवली. खाली मूळ जेलकोट अखंड आहे. नवा रंग लावणार नाही. बोट ट्रेलरवर राहणार, पाण्यात नाही, मग तिला शेवाळाची भीती कसली?

२७ एप्रिल

आज कापली. आठवडाभर टेपने आखून ठेवलं होतं. मागच्या तळावर, आतल्या कवचात, दोन फूट बाय अडीच फुटांचा चौकोन. आतून कापायचं कारण: बाहेरचं कवच लाटांचा मार खातं, ते एकसंध राहिलेलं बरं.

ऑसिलेटिंग करवतीने फक्त कवचाच्या जाडीएवढं कापलं. झाकण उचलायला वेळ लागला. कोरड्या जागी फोम त्याला इतका घट्ट धरून होता की पातळ पातं घालून सोडवावा लागला. पन्नास वर्षांनीही ती पकड! मागच्या कडेला मात्र झाकण आपसूक सुटलं, कारण तिथला फोम पिवळ्याचा तपकिरी झालेला आणि हाताने पिळला की पाणी येणारा. लाकडाच्या पटाशीने काढत गेलो. सीमा अगदी स्पष्ट: एका इंचात ओला, पुढच्या इंचात कोरडा, फिकट पिवळा, नखाने दाबला तर करकरणारा. कोरड्यात दोन-तीन इंच आत जाऊन थांबलो.

ट्रान्समचं ओलं प्लायवूडही याच बाजूने गाठता आलं. मऊ झालेलं कोरून काढलं. आता दिवे लावून तीन आठवडे सुकवणार. दादाचं वाक्य भिंतीवर चिकटवलंय.

१८ मे

लाकूड सुकलं, मीटरवर वरच्या चांगल्या भागाइतकाच आकडा येतोय. गराज २४ अंशांवर. हा फोम थंडीत नीट फुगत नाही, जड आणि चिवट होतो.

आधी ट्रान्समची पोकळी पातळ इपॉक्सीने भिजवली आणि सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरली. मग फोम. दोन द्रव समसमान, काही सेकंद जोरात ढवळायचं आणि ओतायचं. थोडा थोडा, थरांमध्ये. एकदम ओतला तर फुगताना तो कवचालाच फुगवटा आणतो, आणि आतल्या आत इतका तापतो की मधोमध करपतो. प्रत्येक थर टणक झाल्यावर पुढचा. शेवटचा पृष्ठभागाच्या वर आला, तो करवतीने सपाट केला.

फोमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दुकानातला थर्माकोल भरायचा मोह कुणालाही होईल, स्वस्त आणि सोपा. पण त्यावर पॉलिस्टर रेझिन लागलं की त्यातलं स्टायरिन थर्माकोलला विरघळवून टाकतं, जागच्या जागी पोकळी होते. पॉलियुरेथेनला काही होत नाही.

१९ मे

कापलेलं झाकण परत बसवलं. खालून घट्ट इपॉक्सी, वरून पिंपभर पाण्याचं वजन. रात्रीत बसलं. मग चारही सांध्यांवर ग्राइंडरने उतार काढला, जाडीच्या बारापट लांब. पाव इंच जाडीला तीन इंच उतार. बघायला भीती वाटते, चांगलं कवच घासून पातळ करतोय असं वाटतं, पण सगळी ताकद त्या उतारातच आहे. नव्या कापडाला जुन्या फायबरग्लासवर जितकी जागा मिळेल तितकं ते धरतं.

वेस्ट सिस्टिमची इपॉक्सी, पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनर. कापड बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं, शिवलेलं. दादा तिकडे मॅट वापरतो, सुट्या धाग्यांची, पावडरने चिकटवलेली. ती पावडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळते, इपॉक्सीने विरघळत नाही, म्हणून साधी मॅट इपॉक्सीखाली नीट भिजत नाही. फोटो पाठवला तर दादाचा निरोप आला: "उतार चांगला काढलायस. हवा राहिली असेल तर आताच रोलर मार." राहिली होती एका कोपऱ्यात. तेव्हाच दाबून काढली.

१ जून

भोकं. प्रत्येक भोक मोठं केलं, तोंडाशी बशीसारखा खोलगट उतार दिला, ॲसिटोनने पुसलं, इपॉक्सी सिरिंजने तळापासून भरली. वरून ओतली तर खाली हवा अडकते. वर किंचित खोल ठेवलं, जेलकोटसाठी.

जी ठेवायची होती तीही तशीच बुजवली, आणि मग मधोमध नवं लहान भोक पाडलं. आता स्क्रू इपॉक्सीच्या बुचात बसतो. सीलंट उद्या म्हातारा झाला तरी पाणी बुचापाशीच अडेल, फोमपर्यंत पोचणार नाही. वेळ तिप्पट लागतो. पण या बोटीवर केलेलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवेन, आणि ते दिसणारसुद्धा नाही.

८ जून

निळा रंग. तयार डब्यातला 'व्हेलर निळा' आणला. तो कारखान्यातून निघालेल्या बोटीचा रंग, आणि माझी बोट पन्नास उन्हाळे पाहिलेली. जिथे क्लीटची (दोर बांधायच्या खुंटीची) पट्टी काढली, तिच्याखाली हातभर अंतरावर दोन्ही रंग शेजारी दिसतात: पट्टीखाली गडद, ताजा, किंचित हिरवट निळा, आणि भोवती आकाशी. पण तो आकाशी म्हणजे नुसती वरची पूड. ६०० च्या ओल्या कागदाने हात मारला की खालून जवळजवळ पट्टीखालचाच रंग वर येतो. म्हणून आधी सगळी बोट घासून तिचा मूळ रंग वर आणला आणि मग जुळवाजुळव केली. थेंबभर पांढरा, टाचणीच्या टोकावर पिवळा, नमुना वाळवून दिवसाच्या उजेडात.

इपॉक्सीवर जेलकोट धरत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात. धरतो, पण अटी आहेत: इपॉक्सी पुरती पिकलेली हवी, वर आलेला मेणचट थर साबणपाण्याने धुतलेला हवा आणि ८० च्या कागदाने खरखरीत केलेली हवी. हार्डनर वजनाने दोन टक्क्यांच्या आत, ५० ग्रॅमला एक ग्रॅम. जेलकोट हवेला उघडा राहिला तर वरून चिकट राहतो, म्हणून प्रत्येक ठिपक्यावर प्लास्टिकची फिल्म दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी घासून पॉलिश. पुष्कळ ठिपके आता शोधावे लागतात. काही दिसतात. दिसू देत.

२२ जून

नवी पितळी नळी. ट्रान्सममधली जागा इपॉक्सीने आधीच भरली होती, तिच्यातून एक इंची भोक नव्याने पाडलं. त्यामुळे नळी उद्या गळली तरी लाकूड उघडं पडत नाही.

नळी दोन्ही बाजूंना थोडी जास्त कापली. टोकं टॉर्चने फिक्या लालीपर्यंत तापवून पाण्यात बुडवली. पितळ यामुळे मऊ होतं, नाहीतर काठ वळवताना फाटतो. सीलंट लावून आत सरकवली, बाहेरच्या बाजूला ओ-रिंग. मग काठ वळवायचं हत्यार: दोन घुमटाकार डोकी आणि मधून बोल्ट. पाव फेरा, थांबायचं, काठ चौफेर सारखा उघडतोय का पाहायचं, पुन्हा पाव फेरा. शेवटी काठ ओ-रिंगवर येऊन बसला आणि सीलंटची एकसारखी बारीक कड बाहेर आली.

सीलंटबद्दल: पुन्हा कधी काढावं लागेल अशा ठिकाणी ५२०० नावाचं सीलंट लावू नये. ते कायमचं धरतं, निघताना जेलकोटसकट निघतं.

६ जुलै

फळ्या, कन्सोल, कठडे जागेवर. सगळे स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, सगळे लाकडाच्या ठोकळ्यांत. नाळेच्या दोन्ही बाजूंना नोंदणीचे आकडे चिकटवले, एमएसने सुरू होणारे, नियमाप्रमाणे तीन इंच उंच.

सगळं बसवायच्या आधी पुन्हा वजन केलं होतं: ३१८ पौंड.

२० जुलै

बॅक रिव्हरच्या उतारावरून पाण्यात सोडली. इथे भरती-ओहोटीत सरासरी साडेनऊ फुटांचा फरक पडतो, म्हणून भरती चढत असताना गेलो. दहा मिनिटं नुसती बांधून ठेवली आणि नळीभोवती कोरडा टिश्यू फिरवत राहिलो. कोरडा. मोटर आधी खोकली, मग लागली.

नदीच्या मुखाशी ग्रेप आयलंडपर्यंत हळू, पुढे मोकळ्यावर थ्रॉटल उघडलं. एवढीशी बोट, पण नाळ क्षणभरच उठते आणि मग ती पाण्यावर सपाट बसते. तळाला मधे एक आणि दोन्ही कडांना एकेक असे उंचवटे आहेत, त्यामुळे ती कडेला झुकत नाही. मुलगी एका काठावर जाऊन बसली तरी फारसा फरक पडला नाही. लाट आडवी आली तेव्हा मात्र दणके बसले. तेरा फुटीत ते बसतातच, सपाट तळाची ती किंमत आहे. सगळे चिंब भिजलो. बायकोने परतीला सुकाणू हातात घेतलं ते धक्का येईपर्यंत सोडलं नाही.

२७ जुलै

आठवड्यानंतरची तपासणी. झाकणाच्या सांध्यांवर एकही चीर नाही. ट्रान्समवर मोटरचा पाय धरून जोर दिला, कुठे हालचाल नाही. नळीभोवती कोरडं. एका क्लीटखाली सीलंट कमी पडलंय, ती काढून पुन्हा बसवायची आहे.

खोली मोजायचं यंत्र घेतलंय. त्याचा सेन्सर ट्रान्समला पाण्याखाली चार स्क्रूंनी लावा असं त्यासोबतच्या कागदावर लिहिलंय. तसं करणार नाही. फायबरग्लासचा एक चौकोनी ठोकळा घरीच ओतून तो ट्रान्समला इपॉक्सीने चिकटवणार आणि सेन्सरचे स्क्रू त्या ठोकळ्यात घेणार, कवचापर्यंत पोचणार नाहीत एवढेच लांब. ठोकळ्याचा साचा आज केला, रेझिन उद्या सकाळी ओततो, दुपारी गराज फार तापतं.